स्पीड ग्राफ की व्हॅल्यू ग्राफ?

आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेम, म्हणजे हालचालीतला नोंदवलेला टप्पा, निवडून एफ 9 दाबले की तेथला वेग शून्य आणि इन्फ्लुएन्स, म्हणजे त्या वेगाचा प्रभाव किती लांबपर्यंत राहतो ते प्रमाण, 33.33 टक्के होते. वस्तू हळुवार सुटते खरी, पण मग दगडी पाटी आणि कागदाचा कपटा एकाच चालीने सुटू लागतात. वजनाचा फरक दिसावा असे वाटत असेल, तर हालचाल रेघेने दाखवणारा ग्राफ एडिटर उघडण्यावाचून गत्यंतर नाही आणि तेथे पहिला प्रश्न उभा राहतो तो माप, कोन, जागा अशा मूल्यांचा बदल दाखवणारा व्हॅल्यू ग्राफ वापरावा की वेग दाखवणारा स्पीड ग्राफ, हाच.

व्हॅल्यू ग्राफ वाचायला सोपा आहे, हे मान्य करायलाच हवे. रेघ जितकी उभी, तितका वेग जास्त. लोगो नेमक्या मापापेक्षा किंचित मोठा होऊन मागे यावा असे हवे असल्यास शेवटच्या कीफ्रेमचे हँडल, म्हणजे रेघ वाकवणारी दांडी, वर ओढले की काम होते. स्पीड ग्राफमध्ये हेच इतके सहज डोळ्यांना दिसत नाही. स्केल (माप) आणि रोटेशन (फिरणे) यांसाठी मी आजही व्हॅल्यू ग्राफच उघडतो.

अडचण येते ती पोझिशनला, म्हणजे वस्तूच्या जागेला. तिचा व्हॅल्यू ग्राफ वाकवायचा तर आधी सेपरेट डायमेन्शन्स करून आडवी (एक्स) आणि उभी (वाय) जागा वेगळी करावी लागते आणि तसे करताच मार्गाला वळण देणारी हँडल्स नाहीशी होतात. मुंबईच्या नकाशावर एक ठिपका नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत, मरीन ड्राइव्हच्या कमानीवरून न्यायचे काम माझ्याकडे आले होते. ठिपक्याने सुरुवातीला थोडे रेंगाळावे म्हणून एक्सचे हँडल लांबवावे, तर वाय आपल्या जुन्याच चालीने उत्तरेकडे निघतो आणि ठिपका रस्ता सोडून थेट समुद्रात उतरतो. दोन्ही रेघा जुळवून तो रस्त्यावर आणता येतो, नाही असे नाही. पण क्लायंटने सुरुवात आणखी संथ करायला सांगितली की ती जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. माझा निर्णय या एका त्रासाने केला.

स्पीड ग्राफमध्ये मार्ग आणि वेग एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मधल्या कीफ्रेम रोव्ह अक्रॉस टाइम केल्या, म्हणजे त्यांची वेळ सॉफ्टवेअरवर सोपवली, की संपूर्ण कमानीसाठी वेगाची एकच रेघ उरते, पहिल्या कीफ्रेमचा इन्फ्लुएन्स 70 टक्क्यांच्या आसपास नेला की ठिपका जडपणे सुटतो आणि रस्ता तसूभरही ढळत नाही. मात्र येथे रेघेखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर असल्यामुळे, अवधी तोच ठेवून दोन्ही टोके फार दाबली की मधला भाग उंच उसळतो आणि वस्तू झेप घेतल्यासारखी दिसते. नवख्याला हे गोंधळात टाकते, हेही खरे.

आपले काम मुख्यतः अक्षरे आणि लोगो उसळवण्याचे असेल, तर व्हॅल्यू ग्राफवर बहुधा निभावेल. नकाशे, वाहने, पक्षी असे वळणावरून जाणारे काही हाताळायचे असल्यास मात्र, माझ्या मते, हात आधी स्पीड ग्राफवर बसवावा.