फिन सरळ बसवणारी साधनं: कागदी पट्टी, अँगल, फोमबोर्ड आणि थ्रीडी प्रिंट

मॉडेल रॉकेटची फिन, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला लागणारा पंख, वाकडी बसते ती तीन तऱ्हांनी. दोन फिनमधलं अंतर कमीजास्त होतं, फिन नळीच्या लांबीला समांतर राहत नाही, किंवा मागून पाहिलं की एका अंगाला कललेली दिसते. साधन घेताना ते यातलं नेमकं काय सांभाळतं, एवढं पाहावं. बहुतेक साधनं एकच काम करतात आणि आव तिन्हींचा आणतात.

सगळ्यात महागात पडतं ते समांतरपणा बिघडणं. फिनच्या ६० मिमी लांबीच्या बुडात, म्हणजे नळीला चिकटणाऱ्या कडेत, एका टोकाला १ मिमी फरक पडला की जवळजवळ एक अंशाचा तिरकेपणा आला. सगळ्या फिन एकाच दिशेला तिरक्या असतील तर रॉकेट स्वतःभोवती फिरतं, हवेचा अडथळा वाढतो, उंची घटते. एकच तिरकी असेल तर फिरण्याच्या जोडीला बाजूचा रेटाही येतो.

कागदी पट्टीपासून सुरुवात करू, कारण ती फुकट आहे. सॅम्पो निस्कानेन यांच्या २००९ च्या प्रबंधासोबत आलेलं ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर तुमच्या डिझाइनवरून फिनच्या खुणांची पट्टी छापून देतं. नळीभोवती गुंडाळायची, खुणा करायच्या. अंतराचा प्रश्न इथे मिटतो, बाकीचे दोन तसेच राहतात. आपल्याकडे घात करतो तो प्रिंटर. अमेरिकन लेटर आकाराची फाइल ए-४ वर ‘फिट टू पेज’ ठेवून छापली की सगळं साधारण ९७ टक्क्यांवर येतं. बीटी-५० या ठरावीक मापाच्या रॉकेट-नळीचा बाहेरचा व्यास २४.८ मिमी, म्हणजे घेर ७७.९ मिमी. तिची पट्टी सव्वादोन मिमी आखूड पडते आणि टोकं जुळत नाहीत. ‘अॅक्चुअल साइझ’ निवडा आणि छापलेलं माप फूटपट्टीने मोजून घ्या.

खुणेपासून सरळ रेघ ओढायला हार्डवेअरच्या दुकानातला अॅल्युमिनियमचा एल अँगल घ्यावा, १२ मिमीचा, फूटभर लांब. नळीवर ठेवला की त्याच्या दोन्ही बाजू नळीला टेकतात आणि कड आपोआप नळीच्या अक्षाला समांतर होते. बीटी-८० सारख्या ६६ मिमीच्या नळीला २५ मिमीचा अँगल बरा. विकत घेताना कड सपाट काचेवर ठेवून पाहा. दुकानात आडवेतिडवे पडून हे अँगल वाकलेले असतात. या यादीत पैसा वसूल करणारी वस्तू हीच, आणि ती रॉकेटवाल्यांसाठी बनवलेलीही नाही.

पट्टी आणि अँगल झाले तरी गोंद वाळेपर्यंत फिन उभी धरायला काहीतरी लागतंच. तिथे फोमबोर्डचं जिग, म्हणजे वस्तू जागेवर पकडून ठेवणारा साचा, लागतं: मधे नळीचं भोक आणि भोकापासून बाहेर जाणाऱ्या खाचा असलेली ५ मिमी जाडीची तबकडी. एक तबकडी कलणं थांबवते. फिनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ अशा दोन लावल्या तर समांतरपणाही सांभाळला जातो.

हे जिग बिघडतं ते कापताना. भोक थोडं लहान कापायचं आणि त्याच नळीच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून घासत मोठं करायचं. पेपरच्या जाडीमुळे अर्ध्या मिमीच्या आसपास मोकळीक मिळते, नळी अडकत नाही. खाच फिनच्या जाडीला घट्ट हवी. २.४ मिमी बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) फिनला २.५ मिमी पुरते. ३ मिमी केली तर फिन हलते, मग जिगचा उपयोग शून्य. कटरचं पातं नवं तोडून घ्या आणि तीन फेऱ्यांत कापा: वरचा कागद, फोम, खालचा कागद. एका दमात दाबलं की पातं कलतं आणि खाच तिरकी निघते. भोकालगत खाचेचं तोंड ८ ते १० मिमी रुंद ठेवायला विसरू नका, नाहीतर गोंद बोर्डाला लागून रॉकेट जिगलाच चिकटतं. फोमबोर्डऐवजी सनबोर्ड मिळाला तर धार जास्त स्वच्छ येते, पण कापताना घाम निघतो.

कडा गोल घासलेल्या फिनला खाच सैल पडते. म्हणून तबकडी फिनच्या सपाट भागावरच पकडेल अशी ठेवा, किंवा कडा नंतर घासा.

थ्रीडी प्रिंटचं जिग दिसायला झकास. एकाच मापाची पाच-दहा रॉकेट करणाऱ्या शाळेला किंवा क्लबला ते परवडतं, एकाच रॉकेटसाठी उगाच. प्रिंटमधलं भोक बहुधा मापापेक्षा थोडं लहान येतं, म्हणून आधी ५ मिमी उंचीची नुसती कडी छापून नळी बसते का पाहा. पीएलए हे थ्रीडी प्रिंटचं प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत जिग राहिलं तर वाकडं झालेलंच हातात येईल. अल्फा थ्रीसारख्या तयार रॉकेट किटमध्ये फिनचा संच एकसंध प्लॅस्टिकचाच येतो, तिथे यातलं काहीच नको.

जिग कितीही चांगलं असलं तरी जोड गोंदाचा. नळीची चकचकीत परत रेघेवर घासून काढा. फेविकॉल एसएचचा पातळ हात फिनच्या बुडाला आणि नळीला लावा, पाचेक मिनिटं सुकू द्या, मग दुसरा हात देऊन दाबा. फेविक्विक इथे नको: क्षणात धरतं, चूक सुधारायला वेळच देत नाही. अर्ध्या तासाने जिग काढा, मागून एक डोळा मिटून पाहा. कोपऱ्यांत गोंदाची भर घालताना नळी आडवी धरा आणि वर आलेल्या दोनच कोपऱ्यांत भरा. एका वेळी जाड थर दिला तर वाळताना आकसतो आणि त्यात बुडबुडे राहतात.