मेटा बिझनेस सूटचं प्लॅनर: आंब्याच्या अख्ख्या हंगामानंतर

वापर कशासाठी: बागेतून थेट गिऱ्हाइकाच्या घरी हापूस पाठवणाऱ्या पेजसाठी. फेसबुक आणि इन्स्टाग्राम प्लॅनरवर (पोस्टी आधी लावून ठेवल्या की ठरल्या वेळी आपोआप टाकणारं मेटाचं कॅलेंडर), ऑर्डर व्हॉट्सॲप बिझनेसवर. फेब्रुवारीतल्या कैरीपासून जूनच्या पावसापर्यंत.

निकाल आधीच सांगतो. प्लॅनर ठेवा, पण महिन्याभराने वाचलं तरी खरं राहील एवढंच त्यात भरा. दर, शिल्लक पेट्या, माल पोचायचा दिवस आणि हवामान यांच्या पोस्टी त्या-त्या दिवशी हातानेच टाकायच्या.

जोडणी सोपी आहे. इन्स्टाग्रामचं खातं ‘प्रोफेशनल’ करून फेसबुक पेजला जोडायचं, की दोन्हीकडच्या पोस्टी एकाच कॅलेंडरवर दिसतात. पैसे लागत नाहीत. नुसतं इन्स्टाग्राम असेल तर त्याच्या ॲपमध्येच ७५ दिवस पुढपर्यंतच्या पोस्टी लावता येतात, त्याही दिवसाला २५. इतक्या कोणाला लागतात कोण जाणे.

आधी लावून ठेवायला उत्तम माल म्हणजे माहिती. फळ चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार असताना का उतरवतात, पेटी आल्यावर ती उघडून गवतावर एका थरात कशी मांडायची, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये का ठेवायची नाही, हिरवं फळ पिकायला साधारण आठ-दहा दिवस कसे लागतात, कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी का आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोणत्या जिल्ह्यांपुरतं आहे, हेही त्यातच. हंगामाच्या धावपळीत हे लिहायला कोणालाच वेळ नसतो. जानेवारीत बसून दहा-बारा पोस्टी केल्या की काम झालं.

गडबड होते ती सणांच्या पोस्टींत. गेल्या वर्षीची पोस्ट कॉपी करून तीच तारीख ठेवायचा मोह होतो. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. अक्षय्य तृतीयाही अशीच सरकते. सणांचं तयार कॅलेंडर देणारी साधनं तर अनेकदा उत्तरेकडची पंचांगं धरून चालतात. २०२५ मध्ये तिकडे श्रावण ११ जुलैला लागला, आपल्याकडे २५ जुलैला. तारीख घरच्या पंचांगातूनच घ्या.

दुसरा धोका बातम्यांचा. २२ एप्रिल २०२५ ला, ऐन हंगामात, पहलगामचा हल्ला झाला. मृतांमध्ये महाराष्ट्रातलेही पर्यटक होते. त्या संध्याकाळी ‘आमरस-पुरी पार्टी’ची लावून ठेवलेली रील आपोआप बाहेर पडली तर शिव्या पेजलाच पडणार, कारण ती आधी लावली होती हे वाचणाऱ्याला कुठून कळणार? अशा वेळी एकेक पोस्ट उघडून तिची वेळ पुढे ढकलावी लागते. म्हणून लावून ठेवलेल्या पोस्टींच्या रांगेत आठवड्याच्या वर उत्सवी मजकूर ठेवू नका, आणि फोनवरून ती रांग उघडता येईल असा दुसरा माणूस पेजवर असू द्या.

आपोआप उत्तरांबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. ‘रेट’, ‘दर’, ‘भाव’ हे शब्द दिसले की दरपत्रक पाठवायचं, अशी सोय करता येते. पण लोक लिहितात रोमन लिपीत, प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने, त्यामुळे निम्मे तसेच सुटतात. उलटा प्रकार जास्त वाईट. ‘भाव एवढा घेतलात आणि चार फळांत साका निघाला’ (साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा झालेला) अशी कमेंट आली, त्यात ‘भाव’ सापडला, आणि खाली उत्तर गेलं: ‘नमस्कार! आजचे दर मेसेजमध्ये पाठवले आहेत 🥭’. साका बाहेरून दिसत नाही, तो शेतकऱ्यालाही कापल्याशिवाय कळत नाही, हे माणसाने दोन ओळींत सांगितलं आणि फळं बदलून द्यायची तयारी दाखवली तर तोच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फोन करतो. ते दरपत्रक वाचून तो स्क्रीनशॉट काढतो.

लावलेली पोस्ट कमी लोकांना दिसते, अशी एक समजूत आहे. आम्हाला तसं दिसलं नाही. फरक पडतो तो पोस्ट पडल्यावर तिथे कोणी नसल्याने. दुपारी अडीचला पोस्ट लावायची आणि माणसं तेव्हा पेट्या भरण्यात, मग ‘ठाण्याला कधी मिळेल?’ हा प्रश्न रात्रीपर्यंत लोंबकळतो. तोवर त्याने दुसरीकडे पेटी सांगितलेली असते. आम्ही वेळ रात्री साडेआठची धरली: गाडी गेलेली, हात रिकामे, पुढचा तासभर एक जण फोन घेऊन बसलेला. उत्तर नेमकं हवं. ‘डीएम करा’ नको. ‘२२० ग्रॅमचं फळ, ५ डझनाची पेटी, गुरुवारी संध्याकाळी ठाण्यात’ असं हवं. तेच वाचून खालचे चार जण न विचारता ऑर्डर देतात.

बाहेरची शेड्यूलिंगची साधनं घेणार असाल तर दोन गोष्टी. फेसबुकचा पासवर्ड बदलला की त्यांची परवानगी तुटते आणि रांग थांबते. सूचना येते ती ज्या ईमेलकडे कोणी बघत नाही त्यावर. आणि स्टोरीतले मतदानाचे, प्रश्नांचे स्टिकर तिथून लागत नाहीत, जे खरं तर हंगामात सगळ्यात कामाचे.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’, म्हणजे साठवून ठेवलेली तयार उत्तरं, मात्र जरूर करा. ५० पर्यंत साठवता येतात, आणि पाठवण्याआधी माणूस वाचून दुरुस्त करतो, म्हणून ते चालतात. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. पहिल्या ऑर्डरलाच तो सेव्ह करायला सांगा. स्वागताचा मेसेज नव्या माणसाला आणि १४ दिवस न बोललेल्याला आपोआप जातो. जूनमध्ये तो बदलायचं विसरू नका, नाहीतर भर जुलैत कोणीतरी ‘हाय’ लिहितो आणि त्याला मे महिन्यातला पेटीचा दर मिळतो.