गिटहब ॲक्शन्स: मशीन त्यांचं की आपलं?

गिटहब ॲक्शन्स म्हणजे कोड बदलला की टेस्ट, बिल्ड आपोआप चालवणारी गिटहबची सोय. अशी कामं (जॉब) ज्या मशीनवर चालतात तो रनर. तो गिटहबचा वापरायचा की स्वतःचा जोडायचा, हा प्रश्न. रेपो (कोडचा साठा) पब्लिक असेल तर विचार करायचं कारणच नाही. गिटहबचे साधे रनर पब्लिक रेपोला फुकट आहेत. उलट तिथे स्वतःचं मशीन जोडणं धोक्याचं: कुणीही फोर्क (रेपोची स्वतःची प्रत) करून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारा अशी विनंती) टाकली की त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. खरी निवड प्रायव्हेट रेपोपुरतीच.

फुकट खात्याला महिन्याला गिटहबच्या रनरची २,००० मिनिटं मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण मोजणी जॉबगणिक होते आणि प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटाला नेला जातो. लिंट, फॉरमॅट, टाइपचेक असे कोड तपासणारे ४०-४० सेकंदांचे ८ जॉब केलेत तर काम साडेपाच मिनिटांच्या आत आटोपतं, हिशेबात मात्र ८ लागतात. दिवसाला १२ पुश (कोड गिटहबवर चढवणं) झाले की ९६ मिनिटं, म्हणजे २१व्या दिवशी कोटा खलास. हेच जॉब एकत्र केले तर चेकआउट (रेपोचा कोड मशीनवर उतरवणं) आणि पॅकेज इन्स्टॉल एकदाच होतं, आणि पैसे भरायची वेळ बऱ्याचदा टळते. मॅकओएसचं मिनिट लिनक्सच्या साधारण दसपट पडतं. आयओएस बिल्ड दर पुशला लावणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

आपला रनर जोडणं मात्र अर्ध्या तासाचं काम. सेटिंग्जमधून टोकन, म्हणजे जोडणीचा परवाना, घ्यायचा (तो तासाभरात बाद होतो), कॉन्फिग स्क्रिप्ट चालवायची आणि रनर सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) म्हणून बसवायचा. टर्मिनलमधून नुसता सुरू केला तर एसएसएच (दूरच्या मशीनशी जोडणी) तुटलं की तोही बंद. रनर स्वतःच ४४३ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं दार) बाहेर संपर्क करतो, त्यामुळे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. ऑफिसातला जुना डेस्कटॉपही चालतो, फक्त यूपीएस हवा. मध्येच लाइट गेली की चालू जॉब लाल, म्हणजे नापास.

कटकट सुरू होते ती नंतर. त्यांचं मशीन दर जॉबला कोरं मिळतं, आपलं कालचा पसारा घेऊन उभं असतं. नेहमीचा फटका असा: टेस्ट डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालतात आणि वर्क फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली सोडून जातात. पुढच्या वेळी चेकआउट त्या पुसायला जातो आणि ‘परमिशन डिनाइड’ म्हणून आपटतो. कोडमध्ये दोष नसतोच, तरी लोक तासभर कोडच चाळत बसतात. कंटेनर रनरच्याच युजर आयडीने चालवा, प्रश्न मुळातून मिटतो. रनरलाच रूट करणं हा उपाय नव्हे.

दुसरं दुखणं डिस्क. डॉकरच्या जुन्या इमेजेस (कंटेनरचे तयार साचे) साचत जातात आणि एक दिवस सगळी बिल्ड्स जागेअभावी पडतात. रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) ७२ तासांपेक्षा जुन्या, वापरात नसलेल्या इमेजेस प्रून करा, म्हणजे छाटा. सरसकट सगळं पुसू नका. लेयर (इमेजचे थर) जागेवर तयार मिळतात हाच तर आपल्या मशीनचा मोठा फायदा. त्यांच्याकडे कॅश (आधीच्या कामातून साठवलेल्या फाइली) दरवेळी नेटवर्कवरून खाली ओढावी लागते, आणि ७ दिवस कुणी हात लावला नाही की ती उडते.

एक रनर एका वेळी एकच जॉब घेतो. समांतर हवे असतील तर त्याच मशीनवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये दोन-तीन रनर बसवता येतात. पण मग दोन जॉब पोस्टग्रेस डेटाबेससाठी ५४३२ पोर्टवर एकदमच हक्क सांगतात आणि दुसरा पडतो. होस्टचा (मूळ मशीनचा) पोर्ट ठरवून देऊ नका, रिकामा सोडा. मोकळा पोर्ट आपोआप मिळतो.

आमचं मत: लिंट आणि युनिट टेस्ट त्यांच्याकडेच राहू द्या. मोठ्या डॉकर इमेजेस आणि तासभर चालणाऱ्या टेस्ट वेगळं लेबल (कुठल्या रनरवर चालायचं ते सांगणारी खूण) लावून आपल्या मशीनवर न्या. निव्वळ मिनिटं वाचवायला जेनकिन्स (असंच काम करणारी, पण स्वतः चालवायची व्यवस्था) उभारायच्या भानगडीत पडू नका. तिथे सर्व्हरही तुम्हीच सांभाळायचा आणि प्लगइनचे अपडेटही. रनरचे अपडेट आपोआप होतात. ते बंद केलेत तर नवी आवृत्ती आल्यापासून ३० दिवसांत हाताने करा, नाहीतर गिटहब त्या रनरला जॉब देणंच थांबवतं.