टेपर बॅरल कटरचे आठ महिने: पॉकेटच्या वॉलवर काय जमलं, काय नाही

आमच्याकडे मिलिंगला पी-२० या मोल्डच्या स्टीलमधली पॉकेट, म्हणजे खोल कोरायचे खड्डे, जास्त येतात. खोली ६० मिलिमीटरच्या आसपास, वॉलला (खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीला) ३ अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे तिरकेपणा. वॉल सरळ क्वचितच. कुठे पोट सुटलेलं, कुठे आत दबलेली. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हे सगळं ८ मिलिमीटरच्या बॉलनोजवर, म्हणजे गोल टोकाच्या कटरवर, चालायचं. स्टेपओव्हर (कटरच्या दोन फेऱ्यांमधलं, म्हणजे पासमधलं अंतर) ०.२५ मिलिमीटर, म्हणजे एका वॉलला २४० पास. एवढं करूनही नख वरून खाली फिरवलं की बारीक करकर लागायची, आणि जॉब पॉलिशला जायचाच.

मग टेपर बॅरल घेतला: टोकाकडे निमुळता, आणि बाजूची धार मोठ्या कमानीची. टोकाला आर ४ (म्हणजे त्रिज्या ४ मिलिमीटर), बाजूच्या धारेची कमान आर २५०, अर्धा कोन २० अंश.

दोन पासमध्ये उरणाऱ्या कंगोऱ्याची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. आर ४ ला ०.२५ स्टेपओव्हर दिला तर कंगोरा साधारण २ मायक्रॉन. तेवढाच कंगोरा आर २५० ला जवळपास २ मिलिमीटर स्टेपओव्हरवर मिळतो. २४० पासचे ३० झाले. ही जाहिरात नाही, खरंच होतं. फक्त त्याआधी मी दोन कटर वाया घालवले.

पहिला गेला आरपीएमपायी. सवयीने टोकाचा ८ व्यास धरून १२० मीटर प्रतिमिनिटाला ४७७५ आरपीएम टाकला. पण हा कटर टोकाने कापतच नाही. वॉलला टेकते ती वरची कमान, आणि तिथला व्यास १३ च्या जवळ. म्हणजे धारेवर प्रत्यक्ष वेग पडला १९५. कटर काढून भिंगाखाली धरला तर टोक कोरं करकरीत, आणि वर तीन-चार मिलिमीटरचा पट्टा पार घासून गेलेला. आता संपर्काचा व्यास सीएएममधून (कटरचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) बघितल्याशिवाय आरपीएम टाकत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली, कारण तिथे कटरबरोबर जॉबही गेला. बॉलनोज उभा ठेवून ३ अंशांच्या वॉलवर चालवताना लांबीच्या ऑफसेटमधली (मशीनला दिलेल्या कटरच्या लांबीतली) चूक वॉलवर जवळपास दिसतच नाही. तळ तेवढा वरखाली होतो. बॅरलचा अक्ष मात्र वॉलशी २० अंश कलतो. त्यामुळे लांबीतल्या चुकीचा साधारण एक तृतीयांश भाग थेट वॉलमध्ये जातो. मी सकाळी स्पिंडल (कटर फिरवणारा मशीनचा भाग) थंड असतानाच कटर मोजला होता. दुपारपर्यंत स्पिंडल तापून ०.०६ वाढला आणि वॉल ०.०२ जास्त कापली गेली. वॉल मोजायला डायल गेज लावला तेव्हा आधी फिक्स्चरवर (जॉब धरणाऱ्या पकडीवर) संशय घेतला, मग रोटरी (फिरणाऱ्या) अक्षावर. कटरची लांबी सगळ्यात शेवटी आठवली. तेव्हापासून स्पिंडल अर्धा तास फिरवून मगच मोजतो, आणि फिनिशिंगच्या आधी पुन्हा एकदा.

आता हा कुठे चालत नाही ते. आत दबलेल्या वॉलची उभी कमान २५० पेक्षा लहान असेल तर कटर दोन्ही कडांना टेकतो आणि गाउज करतो, म्हणजे नको तिथे खातो. आमच्या एका पॉकेटला आर १८० होता. तिथे मुकाट्याने बॉलनोज. कोपऱ्यांचंही तसंच. टोक आर ४ चं असलं तरी संपर्काच्या जागी कटरची त्रिज्या साडेसहाच्या घरात आहे, त्यामुळे आर ६ च्या कोपऱ्यात तो मावतच नाही. कोपरे आधी बॉलनोजने काढतो आणि बॅरलचा पास कोपऱ्याच्या अलीकडे हळूच स्पर्शरेषेत उचलतो. नाहीतर सांध्यावर उभी रेघ उमटते, आणि ती पॉलिशलाही सहज जात नाही.

वॉल सरळ रेषांनी बनलेली असेल तर स्वार्फिंग (कटरच्या बाजूने पूर्ण वॉल एकदम कापणं) करून बघा असं बरेच जण सांगतात. उथळ पॉकेटला उत्तम, एका पासमध्ये काम. पण ६० खोलीला १० चा एन्डमिल ६५ बाहेर काढला की टोक वाकतं आणि वॉल तळाकडे जाड राहते; वाक लांबीच्या घनाने वाढतो, त्यामुळे पाच-दहा मिलिमीटर ओव्हरहँगही भारी पडतो. त्यात वॉलला पीळ असेल तर सिलिंडरसारखा कटर पूर्ण रेषेवर बसूच शकत नाही, कुठेतरी खातो आणि कुठेतरी सोडतो. माझ्या कामात तरी स्वार्फिंग २५-३० खोलीच्या पुढे गेलेलं नाही.

मशीनचे पाचही अक्ष एकदम चालवण्याची हौस मला तिसऱ्या महिन्यापर्यंत होती. मग वॉलवर एकाच जागी, प्रत्येक पासला, पुसटसा ओरखडा दिसू लागला. टॉर्च तिरपी धरली की स्पष्ट. रोटरी अक्ष नेमका तिथे दिशा बदलत होता. तेव्हापासून शक्य तिथे ३+२: दोन्ही रोटरी लॉक, कटरचा कल एकच, एक वॉल एका सेटिंगमध्ये. गोल फिरणाऱ्या वॉलला पर्याय नसतो. तिथे कल कोपऱ्याच्या बऱ्याच आधीपासून हळूहळू बदलायला लावतो.

रीग्राइंडचं (कटरला पुन्हा धार लावण्याचं) मात्र जमलेलं नाही. कमान जशीच्या तशी परत यायला हवी; एकदा धार लावून आणलेल्या कटरने वॉलवर मधोमध पट्टा सोडला. त्यामुळे घासलेले बॅरल सध्या सेमी-फिनिशिंगला (शेवटच्या पासच्या आधी) ०.१५ मिलिमीटर स्टॉक, म्हणजे कापायचा माल, ठेवून वापरतोय आणि फिनिशिंगला कोरा लावतोय.