रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पोर्शे बॉक्स्टर : पाच वर्षांचा अनुभव

गाडीची किंमत विचारणारे पुष्कळ भेटतात, पण त्याहून जास्त वेळा मला दुसराच प्रश्न विचारला जातो. "एवढी गाडी या खाऱ्या वाऱ्यात बाहेर काढता? खराब नाही का व्हायची?" शेजारचे आप्पा विचारतात, पंपावरचा मुलगा विचारतो, पुण्याचे मेहुणे तर दर गणपतीला विचारतात. आता पाच वर्षं झाली. मी दोन्ही करून पाहिलंय. आधी वर्षभर गाडी झाकून ठेवली आणि त्यानंतर चार वर्षं चालवली. त्यामुळे सविस्तर लिहायला हरकत नाही.

गाडी आहे पोर्शे ७१८ बॉक्स्टर, २०१७ ची. दोन दारं, दोन सीट, कापडी छप्पर. सीटच्या मागे १९८८ सीसीचं, चार आडव्या सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०० हॉर्सपॉवर. २०२० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतली तेव्हा तीन वर्षांत जेमतेम ४,१०० किलोमीटर झाली होती. आज ३१ हजारांच्या वर आहे.

मी मर्चंट नेव्हीत होतो, चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो. १९९७ साली गाड्या वाहणाऱ्या जहाजावर थर्ड इंजिनीअर असताना जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदराच्या धक्क्यावर पहिली बॉक्स्टर पाहिली. चंदेरी रंगाची होती. गोदीतल्या चालकाने ती रॅम्पवरून आत आणली आणि तो आवाज जहाजाच्या पोटात घुमला. ते मॉडेल त्याच्या आदल्याच वर्षी बाजारात आलं होतं. पगार, घर, मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, सगळं पार पडेपर्यंत २३ वर्षं गेली. अशी मिळालेली गाडी जपून ठेवाविशी वाटते. म्हणून मी ती जपली, आणि तिथेच चुकलो.

भाट्याच्या पुढे आमचं घर आहे. आंब्याच्या पेट्या ठेवायचा चिऱ्याचा मांगर मी रिकामा केला, खाली कोबा घातला, शटर बसवलं आणि जाड, पाणी न झिरपणारं कव्हर आणलं. दर रविवारी शटर वर करून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मऊ कापडाने पुसायचं, पुन्हा झाकायचं. महिन्यातून एकदा पावस गावापर्यंत फेरी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं, आमच्या पडवीची कौलं उडाली, माडाच्या झावळ्या खळ्यात येऊन पडल्या, पण गाडीवर ओरखडा नव्हता. तेव्हा मला माझंच बरोबर वाटलं होतं.

जुलैत आम्ही सहा आठवडे मुलीकडे बंगळूरला गेलो. २२ जुलैला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीच्या पाण्यात गाड्या खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या टीव्हीवर बघत होतो. घराच्या पार्किंगमध्ये नीट लावलेल्या कितीतरी गाड्या त्यात गेल्या. माझी उंचावर होती, कोरडी होती, असं समजून निवांत होतो.

गणपतीच्या आधी आठ दिवस परत आलो. कव्हर काढलं तर आतून ते ओलं होतं. स्टिअरिंगच्या चामड्यावर पांढरी बुरशी, सीटच्या शिवणींमध्ये बुरशी. बॅटरी मेलेली. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. (पायाजवळच्या फ्यूजच्या डब्यात त्यासाठी एक टोक बाहेर ओढता येतं. त्याला दुसऱ्या बॅटरीचा करंट दिला की झाकणाची कळ सुटते. माहितीपुस्तिकेतलं हे पान घेतल्या दिवशीच वाचून ठेवावं.) गाडी ढकलायला गेलो तर मागची चाकं हलेनात, ब्रेकचे पॅड डिस्कला गंजाने धरले होते. शेवटी ऑइलचं झाकण उघडलं. त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ साय होती, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलं होतं.

ती साय पाहून मला फार वाईट वाटलं. जहाज महिनाभर नांगरावर असलं तरी आम्ही मुख्य इंजिन टर्निंग गिअर (बंद इंजिन हळूहळू फिरवणारी मोटर) लावून फिरवायचो, ऑइलचा पंप चालू ठेवायचो, स्टँडबाय जनरेटर पाळीपाळीने लोडवर घ्यायचो. उभं इंजिन मरतं हे मी ज्युनिअर पोरांना शिकवत आलो. आणि घरच्या गाडीला दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून, तिची काळजी घेतोय अशी समजूत करून घेतली.

त्या पाच मिनिटांनीच घात केला. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन थंड असेल तर त्यातलं थोडं पाणी वाफ न होता ऑइलमध्ये उतरतं. ते उडून जायला ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापावं लागतं आणि तिथे बराच वेळ राहावं लागतं. उभ्या गाडीत पाच मिनिटांत त्याच्या जवळपासही जात नाही. बॅटरीचंही तेच. स्टार्टर जेवढं ओढतो तेवढं पाच मिनिटांत भरत नाही, मग बॅटरी कायम अर्धपोटी राहते. अर्धा-पाऊण तास पळवता येणार नसेल, तर गाडी सुरूच करू नये.

दुसरी गोष्ट मिठाची. लोकांना वाटतं, बाहेर काढली तरच मीठ लागतं. आमच्याकडे मीठ हवेतच आहे, शटरच्या फटीतून येतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी ओढून विरघळतं. आणि इथे पावसाळाभर, एरवीही रात्री-पहाटे, आर्द्रता बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे बंद मांगरात, पाणी न झिरपणाऱ्या कव्हरखाली, गाडीवरचं मीठ दिवसरात्र ओलं राहतं. याउलट गाडी फिरवली, गोड्या पाण्याने धुतली आणि इंजिनाच्या उष्णतेने, वाऱ्याने वाळली, की मीठ उरतच नाही.

या गाडीच्या बॉडीच्या पोलादावर जस्ताचा थर आहे, बरेचसे भाग ॲल्युमिनियमचे आहेत. जहाजाच्या बुडाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावतो, ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवतात. इथेही जस्त तेच काम करतं. धोका असतो तो दगड उडून रंग गेलेल्या जागी आणि दोन धातू जुळतात तिथे. दर दोन महिन्यांनी टॉर्च घेऊन मी खाली झोपतो आणि तेवढंच बघतो. आजपर्यंत बॉडीवर गंज नाही. एका दुकानात मला खालून जाड काळा रबरी थर मारून देतो म्हणाले, तेही न धुता, लगेच. मी गाडी परत घेऊन आलो. मिठावर मारलेला थर मीठ आतच कोंडतो, आणि पुढे त्याला तडा गेला की आत काय चाललंय ते दिसतही नाही. मेणाचा पातळ थर चांगला, तोही स्वच्छ धुऊन, दोन दिवस वाळवून.

मुंबईला सर्व्हिसला नेली तेव्हा ऑइल बदललं, पॅड बदलले आणि चारही टायर बदलावे लागले. नक्षी जवळजवळ नवीन होती, पण रबर कडक झालं होतं आणि एका जागी दबून चपटं पडलं होतं. वाहन चालवलं नाही म्हणून टायरचं वय थांबत नाही. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुनी, कमी पळालेली गाडी घेताना मीटरच्या आधी ते आकडे वाचा. मी वाचले नव्हते.

तेव्हापासून दर रविवारी पहाटे निघतो. बहुतेक वेळा रत्नागिरीतून शिरगावमार्गे आरे-वारे, तिथून गणपतीपुळे आणि परत. छप्पर नऊ सेकंदांत उघडतं, ५० च्या वेगापर्यंत चालता चालताही. जानेवारीत मोहोराचा वास येतो, काळबादेवीच्या बाजूला सुकत घातलेल्या मासळीचा येतो, आणि आरे-वारेचा चढ चढला की खाली दोन्ही पुळणी एकदम दिसतात. इंजिन मधोमध असल्यामुळे वळणावर गाडी कमरेतून वळल्यासारखी वळते. जांभ्याच्या कातळातून कापलेल्या त्या अरुंद रस्त्याला ३०० हॉर्सपॉवर नको आहे, साठ-सत्तरचा वेगही भरपूर होतो. जोर लावायचा तर नोव्हेंबरात आंबा घाट आहे. पहाटे साखरप्यावरून वर चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला तो आवाज ऐकला, की मला ब्रेमरहाफेनचा धक्का दिसतो. त्या आवाजासाठी मी २३ वर्षं थांबलो होतो, आणि कव्हरखाली तो ऐकू येत नव्हता.

कोकणात या गाडीशी जुळवून घ्यावंच लागतं. पोट जमिनीला जवळ आहे, गावातल्या उंच गतिरोधकांवर तिरकी न्यावी लागते. जयगड-तवसाळ फेरीबोटीवर ओहोटीला नेऊ नये, उतार तीव्र असतो आणि नाक घासतं. बोटीवरची मुलंच आता सांगतात, "काका, पाणी चढू दे, मग घ्या." जादा चाक नाही, पंक्चरचं रसायन आणि छोटा पंप असतो. सामानाला पुढे १५० लिटर आणि मागे १२५, म्हणजे आंब्याचे दोन डझनाचे खोके जातात, पाच डझनाची पेटी विसरा. माड, सुरू आणि आंबा यांच्याखाली उभी करू नका. माडाचं कारण सांगायला नको. सुरूची पानं आणि मोहोर मात्र छपराच्या पाणी जाण्याच्या नळ्यांमध्ये अडकतात आणि पावसाचं पाणी आत उतरतं. पुढच्या जाळीतही पाला साचतो, खाऱ्या पाण्याने ओला राहतो आणि जाळीमागचे रेडिएटर, एसीचा कंडेन्सर खातो. महिन्यातून एकदा तो हाताने काढायचा.

पावसाळ्यात मात्र दर रविवारी काढत नाही. चाकांखाली लाकडाचे ठोकळे, टायरमध्ये थोडी जास्त हवा, हवा खेळती ठेवणारं सुती कव्हर, बॅटरीला कायम जोडलेला मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर), आणि शटरला वर-खाली झरोके. दहा-बारा दिवसांत उघडीप मिळाली की महामार्गावर जाऊन चाळीस किलोमीटर पलीकडे, चाळीस अलीकडे. सहलीसाठी नव्हे, ऑइल तापावं म्हणून.

विकायची झाली तर पैसे कमी येतील, हे खरंय. मेहुण्यांनी हिशेब करून दाखवला, प्रत्येक किलोमीटरमागे किती रुपये जातात तो. त्या हिशेबात पहिल्या वर्षीची बॅटरी, टायर, पॅड आणि चामड्याची सफाई धरली नव्हती. ती मी धरली. तेवढ्या पैशात इतक्या फेऱ्या झाल्या असत्या, की त्यांनी वही मिटली.

बायको पहिली दोन वर्षं गाडीत बसायला तयार नव्हती. "अहो, लोक बघतात," म्हणायची. आता रविवारी पावणेसहाला थर्मास भरून तीच आधी पायरीवर उभी असते. परत आल्यावर मी विहिरीचा पंप लावतो, पाईप गाडीखाली सरकवतो आणि लाल पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत धरतो. चहा त्यानंतर.