जुन्या रेशमी साडीचा कुर्ता की बाजारातला तयार कुर्ता?

लग्नसराईच्या तोंडावर एखादा ठेवणीतला कुर्ता हवा असतो आणि कपाटात आईची रेशमी साडी वर्षानुवर्षे घडीत पडून असते. पैठणीच्या नक्षीचा स्वस्त तयार कुर्ता घ्यावा की साडीचाच शिवून घ्यावा, हा निर्णय मायेपोटी घेतला तर बहुधा चुकतो. तो साडीच्या कापडावर सोपवावा.

साडी उजेडासमोर धरून आधी घड्या तपासाव्यात, कारण रेशीम तिथेच प्रथम विरते. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणावे; धागे सरकून जाळी दिसू लागली, तर त्याचा अंगाबरोबर बसणारा कपडा शिवू नये, तो काखेत आणि पाठीवर लवकरच फाटतो. अशा साडीचे काठ तेवढे काढून सुती कापडाला लावावेत. याउलट साडी धडधाकट असेल, त्यातही हातमागावरची पैठणी असेल, जिच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, तर तिला कात्री लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती नेसावी. कुर्त्याला योग्य ती मधली साडी: पदर जीर्ण, एखादा डाग, पण अंग आणि काठ शाबूत.

खर्चात तयार कुर्ता बहुतेक वेळा जिंकतो. साडीचे कापड घरचे असले, तरी चांगली शिलाई आणि अस्तर मिळून त्याच्याहून अधिक पैसे जाऊ शकतात, शिवाय जुने कापड हाती घ्यायला सगळेच शिंपी तयार नसतात. मात्र स्वस्त तयार कुर्ता पुष्कळदा पॉलिएस्टरचा असतो; त्यात घाम जिरत नाही, धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, इतकी कमी ठेवलेली असते की अंगाने थोडे भरल्यावर तो सैल करता येत नाही. साडीच्या कुर्त्यात दोन्ही बाजूंना इंचभर माया सांगून ठेवता येते. सहावारीच्या साडेपाच मीटरमधून कुर्ता होऊन ओढणीपुरते कापडही बहुधा उरते. नऊवारी तर आठ मीटरच्या पुढे असते. धुण्याच्या बाबतीत मात्र पॉलिएस्टर निर्धास्त, रेशीम नाजूक. रोज कामावर घालायचे असेल तर साडीच्या वाटेला जाऊ नये. (भांड्यांच्या बदल्यात बोहारणीला साडी देण्याआधी तिचे जरीकाम सराफाला दाखवावे, जुन्या खऱ्या जरीत चांदी असते.)

शिवायचे ठरलेच तर काठ कुर्त्याच्या घेराला येईल असे कापड बेतायला सांगावे, आणि अस्तराचे सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे. माझ्या पहिल्या कुर्त्याचे अस्तर पहिल्याच धुण्यात आटले, वरचे रेशीम चुण्यांनी भरले, आणि ते उसवताना टाक्यांच्या जागी पडलेली भोके आजही दिसतात.