‘खर्च सगळा वसूल होईल’ असं सांगून आम्हाला कसं फसवलं

घर विकायला काढण्याआधी त्यात काही कामं करून घ्यायचा विचार असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. आईवडिलांचं जुनं घर विकताना मला आणि माझ्या भावाला ज्या रीतीने फसवलं गेलं, त्यात उघड खोटं फार थोडं होतं. म्हणूनच ते कुणाच्याही बाबतीत घडू शकतं.

घराला गिऱ्हाईक आलेलं होतं. आहे त्या स्थितीत घ्यायला ते तयार होते आणि भावही ठीक सांगत होते. दलालाने आम्हाला थांबवलं. “ताई, असं घर दिलंत तर पडेल भावाने जाईल. थोडं काम करून घ्या, खर्च सगळा वसूल होईल आणि वर सुटतील ते वेगळे.” काम करणारा माणूसही त्यानेच आणला. दलालाला त्या कंत्राटात वाटा होता, हे आम्हाला कितीतरी उशिरा कळलं.

कंत्राटदाराने ‘मोफत मूल्यांकन’ करून दिलं. छान छापलेला कागद होता. डावीकडे घराची आजची किंमत, उजवीकडे कामानंतरची, आणि खाली एक तक्ता. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: स्वयंपाकघराचं नूतनीकरण, वसुली ९६ टक्के.

हा आकडा कुठून आला ते मी नंतर शोधून काढलं. अमेरिकेत ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ नावाचा अहवाल दरवर्षी निघतो. २०२४ च्या अहवालात ९६.१ टक्के हा आकडा खरोखरच आहे, पण तो किरकोळ सुधारणेचा आहे. म्हणजे कपाटांचे सांगाडे तसेच ठेवून फक्त दारं, मुठी, ओटा, सिंक वगैरे बदलायचं. आम्हाला जे विकलं ते सगळं उचकटून नवं, महागडं स्वयंपाकघर होतं. त्या प्रकारच्या कामाची वसुली त्याच अहवालात ३८ टक्के दिली आहे. एका कामाचा आकडा उचलून दुसऱ्या कामाला चिकटवला होता. शिवाय हे आकडे तिथल्या घरविक्रीच्या धंद्यातल्या लोकांचे अंदाज आहेत, तिथल्या बाजाराचे. त्या यादीत सगळ्यात वर कोण आहे माहीत आहे? गॅरेजचं दार. जवळपास १९४ टक्के. आमच्या घराला गॅरेजच नव्हतं, त्यामुळे ती ओळ तक्त्यातून गाळलेली होती.

पैशाची फसवणूक तर झालीच, पण मला जास्त राग आहे तो न्हाणीघरामागच्या भिंतीचा. तिथे बरीच वर्षं ओल होती. रंगाचे पोपडे निघायचे, पांढरा लोणा धरायचा. आम्ही ते कंत्राटदाराला पहिल्याच भेटीत दाखवलं होतं. “ते काम आपण आधी काढू,” असं तो म्हणाला आणि अंदाजपत्रकात वॉटरप्रूफिंगची वेगळी ओळही घातली. काम संपलं तेव्हा त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत पॅनेलिंग होतं. सुंदर दिसत होतं.

पुढच्या गिऱ्हाइकाने सोबत इंजिनिअर आणला होता. त्याने ओलावा मोजायचं छोटं यंत्र पॅनेलच्या कडेला, उघड्या भिंतीवर टेकवलं आणि मान हलवली. आम्हीच पॅनेल काढायला सांगितलं. आतला गिलावा बोटाने खरवडला तरी भुसभुशीत होऊन गळत होता. वॉटरप्रूफिंग झालंच नव्हतं, जुनीच गळती पाइपच्या सांध्यातून चालू होती. झाकल्यामुळे भिंतीला वाळायची वाटही उरली नव्हती आणि ओल बाजूच्या खोलीपर्यंत सरकली होती. मग त्याने न्हाणीघरातल्या नव्या टाइल्सवर बोटांनी टकटक केली. निम्म्या पोकळ वाजल्या, म्हणजे त्या खाली नीट चिकटलेल्याच नव्हत्या.

स्वयंपाकघरात सिंकखालचा कप्पा फुगायला लागला होता. बिलात मरीन प्लाय लिहिलेला होता. चांगला मरीन प्लाय चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात तरी त्याचे थर सुटत नाहीत. आमच्याकडे पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड पाहिली तर आत थर नव्हतेच, दाबलेला भुसा होता. पार्टिकल बोर्ड. पुढच्या कडेला पट्टी लावलेली असल्याने बाहेरून काही कळत नव्हतं.

शेवटचा घाव बँकेने घातला. ‘मोकळं स्वयंपाकघर’ करण्यासाठी कंत्राटदाराने मधली भिंत काढली होती. परवानगीचं सगळं मी बघतो, असं त्याने सांगितलं होतं. मंजूर नकाशात ती भिंत आहे, घरात नाही, म्हणून गिऱ्हाइकाचं कर्ज अडलं. परवानगीचा अर्ज कधी केलाच गेला नव्हता. भिंतीवर वरचा भार होता का, हेही कुणी तपासलेलं नव्हतं.

घर अखेर विकलं. पहिल्या गिऱ्हाइकाने सांगितलेल्या भावापेक्षा थोडं जास्त मिळालं, पण त्या वाढीत खर्चाचा चौथा हिस्साही निघाला नाही.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून सांगते. किंमत किती वाढेल हे काम करणाऱ्याकडून किंवा त्याने आणलेल्या माणसाकडून ऐकू नका. नोंदणीकृत मूल्यांककाला स्वतः पैसे देऊन बोलवा. आसपासची तशी घरं प्रत्यक्षात कितीला गेली, हे त्याच्या अहवालात असतं. आमच्या त्या कागदावर असं एकही घर नव्हतं, सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांकही नव्हता. आसपासच्या सगळ्या घरांपेक्षा तुमचं घर कितीही भारी केलंत, तरी भाव त्या वस्तीच्या भावाला धरूनच राहतो. गळती, छप्पर, वायरिंग, नळ आणि सांडपाणी यांवर आधी खर्च करा. दिसायला ते काही नसतं, पण गिऱ्हाईक भाव पाडतं ते तिथेच. त्यानंतर फिका, स्वच्छ रंग दिलात तरी खूप झालं.

न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवण्याआधी पाण्याची वाट बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवायला लावा आणि खालचं छत, बाजूच्या भिंती स्वतः बघा. काहीही झाकण्याआधी फोटो काढा. प्लायच्या अखंड पाट्या कापण्याआधी त्यांवरचा शिक्का बघा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता मोठा ठेवा. आमच्याकडून जवळजवळ सगळी रक्कम टाइल्स लागायच्या आतच घेतली गेली होती, त्यामुळे नंतर कंत्राटदार फोन उचलेनासा झाला.

आम्ही ग्राहक तक्रार केली आहे. त्याचं म्हणणं असं की मूल्यांकनाचा कागद ‘केवळ माहितीसाठी’ होता, आणि तळाशी बारीक अक्षरात तसं छापलेलंही आहे. पण वॉटरप्रूफिंगची आणि मरीन प्लायची ओळ त्याच्याच सहीच्या बिलात आहे. उघडलेल्या भिंतीचे फोटो आणि इंजिनिअरचा लेखी अहवाल आम्ही जोडला आहे. तुमच्याकडे असं बिल असेल तर जपून ठेवा, आणि ‘सामान व मजुरी’ असं मोघम लिहून देत असेल तर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.